मूल एकटंच कुणाशी तरी बोलतं, म्हणजे त्याला काही झालंय का?

तुम्ही लिहिलंय की तुमची चार वर्षांची मुलगी न दिसणाऱ्या मैत्रिणीशी दिवसभर बोलते, रिक्षात तिच्यासाठी जागा धरते, आणि सासूबाई म्हणतात, दृष्ट काढा नाहीतर कुणाला तरी दाखवा. हे किती दिवस चालेल, असंही विचारलंय. दृष्ट हवी तर काढा, मीठमोहऱ्यांनी कुणाचं वाईट होत नाही. 'दाखवा' मात्र अजिबात ऐकू नका.

माझ्या मुलाचा असाच मित्र होता, बुट्टू. राहायचा पिठाच्या डब्यामागे. जेवताना त्याला वेगळी वाटी लागायची. एकदा मी कौतुकाने त्या वाटीत खरीच आमटी वाढली, तर साडेचार वर्षांचं पोर माझ्याकडे बघतच राहिलं. "अगं आई, तो खोटा खोटा आहे ना! आमटी वाया जाईल." खोटं वेगळं आणि खोटं खोटं वेगळं, हे भातुकली खेळणाऱ्या पोराला बरोबर कळतं. आणि तरी पुढच्याच मिनिटाला तो बुट्टूशी कडाकडा भांडत होता. एवढ्याशा डोक्यात या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, मला अजून उलगडलेलं नाही.

वन्संना लगेच उलगडलं. "बाहेरचं आहे." मी कामावर गेलेली असताना त्या त्याला देवऋष्याकडे घेऊन गेल्या. ऊद, अंगारा, दंडाला काळा दोरा, आणि तोंडावर ओरडणं, "सोड पोराला!" त्या रात्री तो तीनदा दचकून उठला. दुसऱ्या दिवसापासून बुट्टूचं नाव बंद, वाटी बंद. घरातल्या प्रत्येक कार्यात वन्सं आजही सांगतात, दोऱ्याने गुण आला.

कसला गुण? महिन्याभराने मी वाळलेले कपडे ठेवायला आत गेले, तर दिवाणाखालून कुजबुज. "हळू बोल, आत्या ऐकेल."

अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास मी फार उशिरा वाचला. सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता, बाहुलीला किंवा अस्वलाला जिवंत मानणारी मुलंही त्यात धरून. निम्म्याहून जास्त! एवढ्या सगळ्यांना बाहेरचं लागतं का?

सासूबाईंशी तुम्ही एकट्या बोलू नका, नवऱ्याला बोलायला लावा. माझा नवरा "ताई मोठी आहे" म्हणून गप्प बसला, ते मी विसरलेले नाही.

हो, मुलगी त्या मैत्रिणीला घाबरत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, किंवा इतर मुलांत खेळणंच तिने टाकलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. नाहीतर मैत्रिणीचं नाव विचारा, तिला काय आवडतं ते विचारा.

किती दिवस चालेल, ते मला सांगता येत नाही. आमचा बुट्टू कधी गेला, मला कळलंच नाही. त्या दोऱ्यानंतर मुलाने मलाही त्याच्याबद्दल काही सांगितलं नाही.