दर वेळी एकाच कंपनीचा फोन घेणे योग्य आहे का? बाजाराला वळण लावणारी कंपनी कशी ओळखावी?

आपण लिहिले आहे की गेल्या दहा वर्षांत आपण एकाच कंपनीचे चार फोन घेतले, धाकटा भाऊ याला आंधळी निष्ठा म्हणतो आणि आपले मत असे आहे की जी कंपनी बाजाराला वळण लावते तिच्याबरोबर राहण्यातच शहाणपण आहे. मी इंदूरला जेल रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात २००४ पासून काउंटर सांभाळतो, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बरेचसे ग्राहकांच्या तोंडून ऐकलेले आहे.

सुरुवातीची काही वर्षे आमच्याकडे येणारे बहुतेक लोक नोकियाच मागत. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या साध्या, टॉर्च असलेल्या फोनचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग विकले गेले, आणि त्यातला आमच्या गल्लीचा वाटा मी स्वतः डबे उघडून दिला आहे. रामबागेतल्या एक आजी जुना फोन बिघडला की पुन्हा तसलाच मागायच्या. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फोन पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, “बाळा, नाव कुठे शोधायचं ते माझ्या बोटांना ठाऊक आहे, आता त्यांना नवीन कोण शिकवणार?” त्या काळी शेजाऱ्याकडे, नातेवाइकांकडे, मंगल कार्यालयात, कुठेही गेले तरी नोकियाचा चार्जर मिळत असे. आम्ही ज्याला नोकियावरची निष्ठा समजत होतो ती मला आता बोटांची सवय, सर्वत्र सापडणारा चार्जर आणि पडला तरी चालणारा फोन या तीन सोयींची बेरीज वाटते. टचस्क्रीन आल्यावर बटणांची सवय निरुपयोगी झाली, बहुतेक कंपन्यांचे चार्जर एकसारखे झाले, आणि तेच ग्राहक कसलाही राग न धरता दुसरीकडे गेले. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला, तेव्हा आमच्या काउंटरवर त्याची फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

आता वळण लावण्याविषयी. एखादी गोष्ट सर्वांत आधी करणारी कंपनी म्हणजे वळण लावणारी कंपनी, अशी समजूत असते, पण इयरफोनच्या गोल भोकाची हकिकत वेगळेच सांगते. ओप्पोने २०१४ मध्ये आर५ या फोनमधून ते काढून टाकले होते, मोटोरोलाने जून २०१६ मध्ये मोटो झेडमधून काढले, आणि दोन्ही वेळा बाकीच्या कंपन्या जागच्या हलल्या नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून तेच भोक काढले, तेव्हा मात्र काही वर्षांतच महागड्या फोनांतून ते जवळजवळ नाहीसे झाले, आणि सॅमसंगनेही २०१९ मध्ये नोट १० या फोनमधून ते वगळले. बदल एकच होता, फरक ग्राहकांत होता. ओप्पो किंवा मोटोरोलाच्या ग्राहकाला तो बदल रुचला नाही, तर शेजारच्या काउंटरवर त्याच किमतीचा दुसरा फोन त्याला मिळत होता. आयफोनवाल्याचे फोटो, संदेश, घड्याळ आणि घरच्यांचे फोन असे सगळेच एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो कुरकुरत का होईना, थांबला. तो थांबतो हे इतर कंपन्यांनी पाहिले आणि मगच त्यांनी धाडस केले. म्हणून माझे ठाम मत आहे की बाजाराला वळण लावण्याचे बळ आपल्यासारख्या टिकून राहणाऱ्या ग्राहकांकडून येते, आणि त्या वळणाची गैरसोयही पहिल्यांदा त्यांनाच सोसावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोनच्या डब्यातून चार्जर गेला तेव्हाही हेच घडले.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. सॅमसंगने २०११ मध्ये ५.३ इंचांच्या पडद्याचा नोट हा फोन आणला तेव्हा आमच्याकडे लोक तो हातात घेऊन “ही पाटी कानाला लावायची का?” असे विचारत, पण २०१४ मध्ये ॲपललाही ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन आणावे लागले. तेव्हा कायमची पुढारी अशी कोणतीच कंपनी नसते.

आपल्या निर्णयासाठी मी कंपनीचा मान बाजूला ठेवीन. मी स्वतः एका कंपनीचे सलग तीन फोन वापरले. तिसऱ्याचा पडदा चौदाव्या महिन्यात गेला आणि सेवा केंद्रात सांगण्यात आले की तो सुटा भाग आता येत नाही. तेव्हापासून मी ग्राहकाला आधी हेच विचारतो की आपल्या गावात दुरुस्ती कोण करते आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आहेत. गूगलने पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ साठी ७ वर्षे सांगितली आहेत. आपल्या कंपनीने आपल्या किमतीच्या फोनसाठी किती सांगितली आहेत ते पाहावे. नंतर, कंपनी बदलल्यास नेमके काय सोडावे लागेल, ते कागदावर लिहावे. त्यात घरच्यांशी जोडलेले फोटो, विकत घेतलेली ॲप, घड्याळ असे काही ठोस निघाले आणि वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, तर पाचवा फोनही त्याच कंपनीचा खुशाल घ्यावा आणि भावाला तो कागद दाखवावा. कागदावर नुसते कंपनीचे नावच उरले, तर मात्र एकदा दुसऱ्या कंपनीचा फोन अर्धा तास हातात घेऊन पाहावा.