किमोतो साके (जुन्या पद्धतीने केलेली जपानी तांदळाची दारू) थंड प्यावी की गरम, आणि सोबत काय खावं?

कोमट प्या, साधारण ४० ते ४५ डिग्री, आणि सोबत मीठ लावून भाजलेला साबा घ्या (आपल्या बांगड्याचा भाऊबंदच), नाहीतर मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) मुरवलेलं काहीही चालेल. कारण असं की किमोतोत लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेरून घालत नाहीत, वाफवलेला भात, कोजी (खास बुरशी चढवलेला भात) आणि पाणी लांब दांड्यांनी घोटतात आणि बॅक्टेरिया आपले आपण ते तयार करतात, त्यामुळे नुसतं विरजण व्हायलाच महिनाभर जातो, १९१० च्या सुमारास आलेल्या झटपट पद्धतीत हेच काम दोनेक आठवड्यांत उरकतं. म्हणून हिला आंबटपणा आणि उमामी (रश्श्यासारखी भरीव चव) जास्त, थोडा ताकासारखा वास पण येतो, आणि कोमट केली की चव खुलते, माशाचा तेलकटपणा घोटागणिक कापला जातो. थंड प्यायलात तर नुसती आंबट लागेल. गरम करताना थेट गॅसवर नको हां, पाणी उकळून गॅस बंद करा आणि तोक्कुरी म्हणजे तो छोटा चंबू त्यात तीनेक मिनिटं ठेवा. फक्त बाटलीवर गिंजो किंवा दाईगिंजो (तांदूळ जास्त घासून केलेले सुगंधी प्रकार) पण लिहिलं असेल तर आधी थंडच चाखून बघा, फळांसारखा सुगंध उष्णतेने उडतो.