‘बॅलड’ म्हणजे नेहमीच पोवाडा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोव्हिजन गीतस्पर्धेविषयीच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना, १९६४ साली इटलीने स्पर्धेत उतरवलेल्या ‘नोन ओ लेता’ या गाण्याच्या वर्णनात ‘लव्ह बॅलड’ असा शब्द आला. शब्दकोशात ‘बॅलड’पुढे ‘पोवाडा’ दिला असल्यामुळे ‘प्रेमाचा पोवाडा’ असे लिहिले, पण ते कानाला खटकते. शिवाय शीर्षकाचा अनुवाद ‘माझे वय झालेले नाही’ असा केला आहे, तो चालेल का?

खटकते ते योग्यच आहे. मात्र कोशकारांना दोष देण्याआधी ही जोडी जमली कशी ते पाहायला हवे. हॅरी ॲकवर्थ (वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे मुलकी अधिकारी) आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मराठी पोवाडे जमवून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे १८९४ मध्ये ॲकवर्थ यांनी त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूपांतर छापले, तेव्हा त्यांनी पोवाड्यासाठी ‘बॅलड’ हाच शब्द वापरला. त्यांच्या डोळ्यांपुढे असलेले बॅलड म्हणजे लढाया, खून, दगाफटका, बुडालेली जहाजे यांची हकिगत कडव्याकडव्याने सांगणारे लोकगीत होते. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडाही घडलेली हकिगतच सांगतो. त्या अर्थाने जोडी चपखल होती आणि कथन करणाऱ्या जुन्या बॅलडपुरती ती आजही टिकते. पोवाड्यातला वीररस नको असेल तर ‘कथागीत’ म्हणावे.

विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीतात मात्र इंग्रजी शब्दाचा अर्थ सरकला. संथ लयीचे, एकट्या गायकाने किंवा गायिकेने वाद्यवृंदाच्या साथीने म्हटलेले हळवे गाणे म्हणजे बॅलड, असे रूढ झाले. त्यात कथा असलीच पाहिजे असे नाही. गंमत अशी की शब्दाचे मूळ पाहिले तर हे सरकणे म्हणजे जवळजवळ घरवापसीच आहे. लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांतल्या ‘नाचणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला. इटालियनमध्ये ते क्रियापद ‘बाल्लारे’, आणि ‘बाल्लाता’ म्हणजे मुळात नाचाबरोबर गायचे, ध्रुवपद असलेले गीत. दान्ते आणि पेत्रार्का या जुन्या इटालियन कवींनी बाल्लाता लिहिल्या त्या प्रेमाविषयी, आणि बोकाच्चोच्या ‘देकामेरोन’ या कथासंग्रहामध्ये प्रत्येक दिवसाची अखेर अशाच गाण्याने होते. रणांगण तिथे नाहीच.

आता प्रत्यक्ष गाणे पाहू. व्हेरोनाच्या सोळा वर्षांच्या जील्योला चिंक्वेत्तीने ते गाऊन आधी सानरेमोचा, म्हणजे इटलीतला गाण्यांचा महोत्सव जिंकला आणि मग कोपनहेगनला युरोव्हिजनमध्ये ४९ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला; दुसऱ्या क्रमांकाच्या ब्रिटनला १७ गुण होते. गाण्यातली मुलगी म्हणते की तुझ्याबरोबर एकटीने फिरायला जाण्याचे माझे वय नाही, तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते, तुझ्याशी बोलायला माझ्याजवळ काही नसेल; तो दिवस येईपर्यंत मला स्वप्नाळू प्रेमातच राहू दे. एकच भाव, एकच बोलणारी व्यक्ती, घटना शून्य. डफ-तुणतुणे आणि ‘जी जी रं जी’ करणारे झीलकरी यांचा या गाण्याशी कसलाही संबंध लावता येत नाही. विषय शृंगाराचा म्हणून कोणी ‘लावणी’ सुचवील, पण ढोलकीची चढती लय आणि बोलण्यातला धीटपणा नेमका इथे नाही.

माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द ‘भावगीत’ हाच आहे. साम्य केवळ हळवेपणाचे नाही. सानरेमोचा महोत्सव १९५१ पासून इटालियन नभोवाणीने घराघरांत पोहोचवला आणि ज्या प्रकारात तो मोडतो त्याला इटालियनमध्ये ‘मूझिका लेज्जेरा’, म्हणजे शब्दशः ‘हलके संगीत’, म्हणतात. आकाशवाणीने त्याच कल्पनेला ‘सुगम संगीत’ हे कितीतरी सुरेख नाव दिले आणि आपले भावगीत त्याच सदरात वाढले. एक फरक ध्यानात ठेवावा. भावगीत बहुधा आधी कविता असते आणि चाल नंतर लागते, शिवाय ते आईविषयी, पावसाविषयी किंवा देवाविषयीही असू शकते. म्हणून नुसते ‘भावगीत’ न लिहिता ‘प्रेमविषयक भावगीत’ किंवा ‘संथ लयीचे प्रेमगीत’ असे लिहावे. स्वतः इटालियन लोक अशा गाण्याला सहसा साधे ‘कान्त्सोने’, म्हणजे गाणे, एवढेच म्हणतात, तेव्हा ‘प्रेमगीत’ लिहिल्यानेही काही बिघडणार नाही.

शीर्षकाचा अनुवाद मात्र बदलायलाच हवा. मराठीत ‘वय झाले’ म्हणजे म्हातारपण आले. त्यामुळे ‘माझे वय झालेले नाही’ हे सोळा वर्षांच्या मुलीपेक्षा सेवानिवृत्तीला तयार नसलेल्या गृहस्थाच्या तोंडी अधिक शोभेल. ‘मी वयात आलेले नाही’ असे केले तर अर्थ शरीराकडे वळतो आणि गाण्याचा सूर पार बिघडतो. इटालियनमध्ये वय ‘असते’: ‘ओ’ म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’, ‘नोन ओ’ म्हणजे ‘नाही’, आणि ‘लेता’ म्हणजे ‘ते वय’, त्या त्या गोष्टीला लागणारे वय. आपणही ‘हे तुझे खेळण्याचे वय आहे’, ‘हे का तिचे लग्नाचे वय आहे?’ असे सहज म्हणतो. म्हणून मूळ शीर्षकात पुढे कंसात येणाऱ्या ‘पेर आमार्ती’ (तुझ्यावर प्रेम करायला) या जोडीसह ‘तुझ्यावर प्रेम करण्याचे माझे वय नाही’ असा अनुवाद जवळजवळ शब्दशः होतो, आणि तरीही अस्सल मराठी राहतो. पुढे ‘अजून’ जोडण्याचा मोह होईल. गाण्यात पुढच्या दिवसाची वाट पाहणे असल्यामुळे अर्थाला ते धरून आहे, पण शीर्षकात तो शब्द नाही, तेव्हा मी तो गाळीन.

लिप्यंतराविषयी एवढेच, की इटालियनमध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही, म्हणून ‘नॉन हो लेता’ असे दिसले तर ‘हो’चा ‘ओ’ करून घ्यावा. आघात शेवटच्या ‘ता’वर येतो. आणि ‘बॅलड’ हा शब्द तसाच ठेवायचा ठरवलात, तर ‘गाणे’, ‘गीत’ यांच्या ओघाने तो नपुंसकलिंगी चालवावा: ‘ते बॅलड’, ‘इटलीने उतरवलेले बॅलड’. ‘उतरवलेला बॅलड’ हे पुल्लिंग पोवाड्यावरून आलेले दिसते.