यंत्रांमध्ये धातूच्या पिना किती प्रकारच्या असतात आणि कोणती कुठे वापरावी?

पिनने नेमके कोणते काम करायचे आहे, हे आधी ठरवावे. गिअरबॉक्सचे दोन भाग दर वेळी खोलून पुन्हा अचूक त्याच जागी बसायला हवे असतील, तर कडक केलेली, ग्राइंड केलेली डॉवेल पिन लागते. भाग आवळण्याचे काम बोल्टचे, जागा राखण्याचे डॉवेलचे. शाफ्टवर कॉलर (शाफ्टवर बसणारे कडे) पक्की करण्यासाठी टेपर पिन, म्हणजे एका टोकाकडे निमुळती होत जाणारी पिन, वापरतात. तिचा उतार १:५० असतो, म्हणजे ५० मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो, आणि छिद्रातही त्याच उताराचा रीमर (छिद्र अचूक मापाचे करणारे हत्यार) फिरवावा लागतो. ती काढताना बारीक टोकाकडूनच ठोकावी.

रोल पिन ही लांबीभर चीर असलेली स्प्रिंग स्टीलची नळी असते. छिद्रापेक्षा किंचित जाड असल्याने ती ठोकताना दबते आणि स्वतःच्या ताणाने घट्ट राहते, म्हणून तिला साध्या ड्रिलचे छिद्रही चालते.

चाकाच्या खाचांच्या नटात घालून पाय वाकवतात ती स्प्लिट पिन. काढलेली पिन सरळ करून पुन्हा कधीही घालू नये, कारण वाकवलेल्या जागी ती कमकुवत झालेली असते.

शिअर पिन मात्र मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते; यंत्र अडकले की ती तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी हाती येईल तो कडक बोल्ट बसवला, तर पुढच्या वेळी गिअरच तुटतील. ट्रॅक्टरची अवजारे जोडताना कडीची लिंच पिन वापरतात, जी हातानेच निघते.