लॅब नंतर बघ, आधी पेशंट कुठे येतात ते बघ

तू विचारलंयस की एमेस्सी बायोटेक झालंय, जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) आहे, रक्ताच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारांवर पीएचडी करायचीय, तर बाहेरच जावं लागेल का. अजिबात नाही, आधी इथलं नीट बघ.

मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवरची संस्था आहे, १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली, तिथे हिमोफिलिया (रक्त नीट गोठत नाही), थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनतं), फॅनकोनी ॲनिमिया (अस्थिमज्जा निकामी होत जाते), प्लेटलेटचे (रक्त थांबवणाऱ्या पेशींचे) आजार असं बरंच काम चालतं. वेल्लोरला सीएमसी हॉस्पिटलात हिमोफिलिया ए च्या पाच पेशंटवर जीन थेरपी (बिघडलेल्या जीनच्या जागी चांगला जीन देणं) झाली, २०२४ च्या शेवटी पेपर आला, तो वाचच. दिल्लीला आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेत सिकलसेलसाठी क्रिस्परवर (जीनमध्ये नेमका बदल करायचं तंत्र) काम सुरू आहे. आणि सिकलसेल विदर्भात किंवा नंदुरबारकडे दुर्मिळ नाहीच गं, चंद्रपूरला त्यासाठी आयसीएमआरचं वेगळं केंद्र आहे, तू नागपूरची आहेस तर हे आधी लक्षात घे.

पण संस्थेच्या नावावर जाऊ नकोस. या विषयात पेशंट नाहीत तर थीसिस नाही. माझा पीएचडीचा विषय ग्लांझमान थ्रॉम्बॅस्थेनिया हा रक्तस्रावाचा आजार होता, त्यात प्लेटलेट मोजल्या तर नॉर्मल येतात पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत कारण त्यांच्यावरचा रिसेप्टर नसतो किंवा बिघडलेला असतो. त्या चिकटतात का हे बघायची टेस्ट ताज्या रक्तावरच होते, रक्त काढल्यापासून साधारण चार तासांत. डीएनए पार्सलने येतो, प्लेटलेट येत नाहीत! म्हणजे गडचिरोलीच्या पोरीला लॅबपर्यंत यावं लागतं, तिच्या बापाची मजुरी बुडते, आणि मी हे काहीच विचारात न घेता प्रपोजल लिहिलं होतं. पहिलं वर्ष एथिक्स कमिटीची परवानगी आणि सॅम्पलची वाट बघण्यात गेलं. नंतर गाइड बाईंच्या सांगण्यावरून डीएनएचा भाग मोठा केला, आयटीजीएटूबी आणि आयटीजीबीथ्री ही त्या रिसेप्टरची दोन जीन्स, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

म्हणून इंटरव्ह्यूला गेलीस की गाइडला सरळ विचार, तुमच्याकडे या आजाराची किती कुटुंबं नोंदलेली आहेत, ओपीडी कोण बघतं, मला तिथे बसता येईल का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, त्यामुळे दोन्हीकडून एकच बिघडलेला जीन येण्याची शक्यता वाढते, आणि वंशावळ काढायला बसलीस की आईवडील गप्प असतात पण आजी सांगते की माझी नणंद पण पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊनच गेली. ही माहिती कुठल्याच मशीनमधून येत नाही. आणि पेशंटचा रिपोर्ट आला की त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचा, ते आपल्या पेपरसाठी आलेले नसतात.

पैशांचं म्हणशील तर जेआरएफचे ३७ हजार २०२३ पासून आहेत, एसआरएफला (जेआरएफनंतरची पुढची पायरी) ४२ हजार, मुंबईत खोली घेऊन कसंबसं भागतं. कधीकधी पैसे उशिरा जमा होतात तर दोनतीन महिन्यांचे बाजूला ठेव. क्लिनिकल टीमबरोबर कधीच काम केलं नसेल तर आधी सहा महिने प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लाग, फ्लो सायटोमेट्री (पेशींवरचे रिसेप्टर मोजायची पद्धत) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायची पद्धत) हाताने करून बघ, मग विषय पक्का कर.

कुठला आजार डोक्यात आहे ते लिही, मग प्रपोजलचं बोलू.