तोंडाला कानस लावण्याआधी फ्रॉग काढून बघा

तुमच्या १४ इंची जुन्या रंध्याची तक्रार वाचली आणि माझाच रंधा डोळ्यांसमोर आला. तळ सपाट, पात्याला धार, तरी डावीकडे जाड छिलका आणि उजवीकडे नुसता भुरका. लॅटरल लिव्हर (पातं डावी-उजवीकडे कलवायचा दांडा) पार टोकाला नेला की दोन्हीकडे सारखं कापतो, पण मग पातं तोंडात, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून ते बाहेर येतं तिथे, तिरकं दिसतं. म्हणून तुम्ही तोंड कानशीने सरळ करायचं म्हणताय. कृपा करून थांबा. मी नेमकं तेच केलं होतं.

गंज, धार, पॉलिश यावर लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच. माझ्या रंध्याचं तोंड मुळात सरळ होतं. वाकडी होती ती फ्रॉगची, म्हणजे पातं ज्यावर टेकतं त्या तिरक्या ठोकळ्याची, बैठक. उजवी बाजू उंच राहिली की पातं डावीकडे कलतं आणि डावीकडे खोल कापतं. ते लिव्हरने सावरलं की धार तळाला समांतर होते, पण वरून पाहिलं तर तोंडाशी तिरपी. बघणाऱ्याला दोष तोंडाचा वाटतो. मी दोन तास कानस चालवली, फट एकसारखी केली आणि खूश झालो. पुढे बैठक सुधारल्यावर पातं सरळ बसलं, आणि तोंड मात्र वाकडं, वर भलतंच रुंद. बिडातून घासून काढलेला धातू परत येत नाही. आज तो रंधा फक्त खरबरीत कामाला येतो आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तपासणी दहा मिनिटांची आहे. आधी चांगल्या रंध्याचं पातं घालून बघा, म्हणजे पात्याचा काटकोन चुकलेला नाही हे कळेल. मग फ्रॉग काढा, बैठक पुसा, आणि स्क्रू न लावता फ्रॉग नुसता ठेवून चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबा. माझा टकटक डुलत होता; ०.१ मिमीचं फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान डाव्या बाजूखाली अलगद सरकलं. बैठकीवर मार्करची शाई लावून फ्रॉग किंचित घासला तर शाई फक्त उजव्या मागच्या कोपऱ्यावरची निघाली. तिथे कारखान्यातला रंगाचा थर राहिला होता आणि त्याखालचं मशीनिंगही अर्धवट. रंग खरवडा, मग बारीक कानशीने दोन-तीन हात, परत शाई, परत बघणं. घाई नको. पितळी पट्टीचा आधार देऊन काम भागतं असं काहीजण सांगतात. मला पटत नाही, कठीण लाकडावर पातं थरथरतं.

तोंड मोजताना गुण्या दोन्ही बाजूंनी लावा, कारण जुन्या रंध्यांच्या बाजूही एकमेकींना समांतर असतीलच असं नाही.

तळाबद्दलही सांगतो. मी तो एका ग्राइंडिंगवाल्याकडे दिला होता. त्यांनी चुंबकी टेबलावर चिकटवून घासला. वाकलेलं बीड चुंबकाने ओढून सपाट होतं, चुंबक सुटला की पुन्हा वाकतं. दाखवायला गेलो तर म्हणाले, ‘मशीनवर सपाटच होता.’ पैसे पूर्ण घेतले. म्हणून मी आता तळ हातानेच घासतो, पातं आत ओढून पण ते दाबून धरणारी लिव्हर कॅप नेहमीइतकी घट्ट ठेवून. कॅपच्या ताणाने तळ किंचित वाकतो, तो आकार धरूनच घासावं लागतं.

आणि एक, रंधा स्टॅन्लीचा असेल तर फ्रॉगच्या स्क्रूला इंचाला २० आटे असतात, तेही साध्या दुकानात न मिळणाऱ्या मापाचे. दुसरा स्क्रू जोर लावून बसवू नका, बिडातले आटे जातील.

मी व्यावसायिक सुतार नाही आणि हे सगळं बेली पद्धतीच्या, म्हणजे स्टॅन्लीसारख्या, लोखंडी रंध्यांपुरतंच. शाई लावून बघा आणि कुठल्या कोपऱ्यावरची निघाली ते कळवा, तोवर कानस पेटीतच राहू द्या.