अँटबर्ड हे पक्षी खरंच मुंग्या खातात का?

नाही, निदान मुख्यतः तरी नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात लष्करी मुंग्यांची धाड पाचोळ्यातून निघाली की झुरळं, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळत सुटतात. मुंग्यांच्या मागावर असणारा अँटबर्ड जमिनीलगतच्या उभ्या काटकीला घट्ट धरून बसतो आणि समोरून पळणारा किडा टिपतो. रान उठवायचं काम मुंग्यांचं, शिकार याची! फुकटेपणाच म्हणा. काही जाती तर सकाळी मुंग्यांचा तळ गाठून आज स्वारी निघणार का, हे बघून येतात.

मात्र दाट झाडीबाहेर यायला हे पक्षी फार बिचकतात. पनामा कालव्यासाठी १९१४च्या सुमारास पाणी भरलं, बारो कोलोराडो टेकडीचं बेट झालं आणि ऑसिलेटेड अँटबर्ड ही यातली एक जात पुढे तिथून हळूहळू नाहीशीच झाली.